बिनतटाचा किल्ला, बिनधावपट्टीचा हवाई तळ

माळरान (धागाकर्ता)

डेन्व्हरहून आय-२५ ने उत्तरेला निघालं की शंभर मैलांवर शायॅन लागतं. वायोमिंगची राजधानी, पण एकूण पसारा आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढा. उंची सहा हजार फूट, झाडं बेताचीच, आणि वारा असा की गाडीचं दार दोन्ही हातांनी धरून उघडायचं. गेल्या उन्हाळ्यात बाबा आले होते, त्यांना घेऊन गेलो. महामार्गाच्या पश्चिमेला हवाई दलाचा तळ आहे, एफ. ई. वॉरेन. फाटकापाशी तीन क्षेपणास्त्रं उभी करून ठेवली आहेत. बाबा बराच वेळ आभाळाकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "एअर फोर्स ना ही? मग विमानं कुठायत?"

विमानं नाहीत. मुळात धावपट्टीच नाही. हेलिकॉप्टरं आहेत तेवढीच. बाबांचा प्रश्न डोक्यात राहिला आणि त्यापायी महिनाभर वाचन झालं, त्याचा हा धागा.

सुरुवात रेल्वेपासून. १८६७ साली युनियन पॅसिफिक कंपनी पश्चिमेकडे रूळ टाकत निघाली होती. जनरल ग्रेनव्हिल डॉज तिचा मुख्य अभियंता. त्याने त्या जुलैत क्रो क्रीक नावाच्या ओढ्याकाठी पुढच्या मोठ्या ठाण्याची जागा मुक्रर केली. तिथे तेव्हा गवताशिवाय काही नव्हतं. रूळ नोव्हेंबरात पोचले, पण तोवर तंबू, दारूचे गुत्ते, जुगाराचे अड्डे आणि काही हजार माणसं हजर झाली होती. रूळ टाकणाऱ्यांना संरक्षण हवं म्हणून त्याच वर्षी गावाशेजारी सैन्याचं ठाणं पडलं. नाव फोर्ट डी. ए. रसेल. हा डेव्हिड रसेल यादवी युद्धात १८६४ साली व्हर्जिनियात विंचेस्टरच्या लढाईत पडलेला सेनानी. त्याने हा माळ कधी पाहिलाही नसेल.

गाव आणि फोर्ट यांच्या मध्ये कॅम्प कार्लिन नावाचं कोठार होतं, आणि मला विचाराल तर खरी गोष्ट तिथेच आहे. धान्य, खोगिरं, तंबू, दारूगोळा, सगळं रेल्वेने इथे उतरायचं आणि खेचरांच्या गाड्यांतून डझनभराहून जास्त ठाण्यांना जायचं. करारानुसार आदिवासी जमातींना द्यायचं पीठ आणि ब्लँकेटंसुद्धा याच कोठारातून जात. म्हणजे सैनिकाचा शिधा आणि ज्याच्यावर तो बंदूक रोखणार त्याचा शिधा, दोन्ही एकाच वखारीतले.

१८७६ मध्ये सू या आदिवासी जमातीशी झालेल्या युद्धात इथल्या तुकड्या होत्या. १८७९ मध्ये कोलोरॅडोत मिल्क क्रीकला यूट लोकांनी एका तुकडीला वेढलं, तेव्हा कर्नल वेस्ली मेरिट इथूनच कुमक घेऊन धावला. त्यानंतर लढाया संपत गेल्या. नियमाप्रमाणे फोर्टही बंद व्हायला हवा होता, कारण आजूबाजूची ठाणी एकामागून एक बंद झाली आणि कॅम्प कार्लिनलाही १८९० मध्ये कुलूप लागलं. फोर्ट रसेल मात्र उलट फुगला. १८८५ पासून लाकडी घरं पाडून लाल विटांच्या इमारती बांधायला सुरुवात झाली आणि पुढे घोडदळ, पायदळ, तोफखाना असं सगळंच तिथे आलं.

का? एक कारण रेल्वे. मोक्याच्या जंक्शनवरची छावणी कुठेही माणसं पाठवू शकते. दुसरं कारण फ्रान्सिस वॉरेन. मॅसॅच्युसेट्समधून आलेला हा गडी यादवी युद्धातलं मेडल ऑफ ऑनर मिळवलेला. शायॅनमध्ये दुकानदारी आणि मेंढ्या यांवर गबर झाला, १८९० मध्ये वायोमिंगचा राज्य म्हणून पहिला गव्हर्नर झाला आणि मग जवळपास मरेपर्यंत सिनेटर. सिनेटच्या लष्करी समितीचा अध्यक्षही होता. आपल्याकडचा पुढारी मतदारसंघात साखर कारखाना आणतो, याने विटा आणल्या. १९२९ च्या नोव्हेंबरात तो गेला आणि १ जानेवारी १९३० पासून रसेलचं नाव जाऊन फोर्ट फ्रान्सिस ई. वॉरेन झालं. लढाईत पडलेल्या माणसाचं नाव काढून निधी आणणाऱ्याचं लावलं, असंही म्हणता येईल. (शौर्यपदक त्याच्याकडेही होतं, तेव्हा फार बोलत नाही.)

दुसऱ्या महायुद्धात इथे पुरवठा विभागाचं प्रशिक्षण केंद्र निघालं. वीस हजारांपर्यंत माणसं, घाईघाईत उभारलेल्या लाकडी बराकी, त्यांना ना थंडी अडवणारं अस्तर ना आतून भिंती. तोच शायॅनचा वारा. जर्मन युद्धकैदीही इथे होते. १९४७ मध्ये हवाई दल वेगळं झालं तेव्हा ही जागा त्याच्याकडे आली आणि १९४९ मध्ये नाव पुन्हा बदललं, एफ. ई. वॉरेन हवाई तळ. पहिली काही वर्षं इथे नुसती प्रशिक्षणं चालायची. धावपट्टीविना हवाई तळाचं करायचं काय, हा प्रश्न त्यांनाही पडला असावा.

उत्तर १९५८ मध्ये आलं. तळ अण्वस्त्रं सांभाळणाऱ्या स्ट्रॅटेजिक एअर कमांडकडे गेला आणि ज्याला धावपट्टी लागतच नाही असं शस्त्र इथे यायचं ठरलं. त्याबद्दल प्रतिसादांत लिहीन, आता बोटं दुखली.

उंबरठा

मस्त लिहिलंय, पण किल्ला किल्ला म्हणताय आणि तट-बुरुजांचा उल्लेखच नाही. पाडले का नंतर?

माळरान

@उंबरठा, कधी नव्हतेच. आपल्याला फोर्ट म्हटलं की राजगड नाहीतर जंजिरा आठवतो. सिनेमात लाकडी ओंडक्यांचं कुंपण दाखवतात, तसंही नव्हतं. अमेरिकन सैन्यात जिथे कायमचं सैन्य राहतं ते फोर्ट, तात्पुरतं असेल ते कॅम्प. आपल्या भाषेत म्हणजे छावणी. खडकी, देवळाली, कामठी डोळ्यांपुढे आणा. रसेलचं मूळ कवायतीचं मैदान मात्र गमतीदार होतं, शंकरपाळ्याच्या आकाराचं. भोवती अधिकाऱ्यांची घरं आणि बराकी.

खिळेहातोडा

क्षेपणास्त्रांचा भाग मी घेतो, चालेल ना? विषय आवडीचा आहे.

पहिलं आलं ते ॲटलास. अमेरिकेचं पहिलं आंतरखंडीय क्षेपणास्त्र, आणि वॉरेन हा त्याच्या अगदी सुरुवातीच्या तळांपैकी. १९६० मध्ये पहिली तुकडी सज्ज झाली, एकूण २४ क्षेपणास्त्रं. ॲटलासची अडचण इंधनाची होती. केरोसीन आणि द्रवरूप ऑक्सिजन. उणे १८३ अंशाला उकळणारा द्रव टाकीत भरून ठेवता येत नाही, म्हणून हुकूम आल्यावर भरायचा. जमिनीवरच्या काँक्रीटच्या पेटीत आडवं निजवलेलं क्षेपणास्त्र आधी उभं करायचं, मग इंधन भरायचं, मग डागायचं. सगळं मिळून पाव तास. समोरच्याचं क्षेपणास्त्र अर्ध्या तासात येणार असेल तर पाव तास फार होतो. शिवाय पेटीला शवपेटी म्हणायचे, त्यावरून काय ते समजा.

१९६५ पर्यंत ॲटलास निकालात. कारण मिनिटमन आलं. घन इंधन, म्हणजे दिवाळीच्या बाणासारखं कायम भरलेलं. नावातच मिनिट आहे. ते जमिनीत सुमारे ८० फूट खोल काँक्रीटच्या विहिरीत उभं असतं. वॉरेनभोवती अशा २०० विहिरी खणल्या, वायोमिंग, नेब्रास्का आणि कोलोरॅडो तीन राज्यांत पसरून. दर दहा विहिरींमागे एक नियंत्रण कक्ष, तोही जमिनीखाली. दोन अधिकारी २४ तासांच्या पाळीवर. डागायचं तर दोघांनी एकाच वेळी किल्ल्या फिरवायच्या आणि त्या किल्ल्या इतक्या लांब बसवलेल्या की एकट्याला दोन्ही जमू नयेत.

म्हणजे शायॅनमध्ये जे दिसतं ते कचेरी, घरं, दवाखाना, दुरुस्तीची शेड. खरा तळ हजारो चौरस मैलांत गव्हाच्या शेतांखाली विखुरलेला आहे. हेलिकॉप्टरं लागतात ती त्यासाठी. व्हिएतनामच्या काळातली ह्युई अगदी आत्ताआत्तापर्यंत वापरत होते.

सखू_परदेशी

नेब्रास्कात राहते. आमच्या गावाबाहेर कच्च्या रस्त्याला लागून एकरभर जागेला जाळीचं कुंपण आहे, आत एक काँक्रीटचा चौथरा आणि दोनचार खांब. पहिलं वर्षभर मी त्याला पाण्याचं पंपिंग स्टेशन समजत होते. शेजारच्या शेतकरीणबाई सहज बोलल्यासारख्या म्हणाल्या, "अगं ते मिनिटमन." त्यांच्या सासऱ्यांच्या शेतातूनच तेवढा तुकडा घेतला होता. कुंपणाला अगदी खेटून पेरणी असते.

माळरान

@खिळेहातोडा, माझं काम हलकं केलंत. @सखू, हा प्रतिसाद मूळ लेखात हवा होता.

पुढची भर. १९८२ च्या नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी एमएक्स नावाचं नवं क्षेपणास्त्र जाहीर केलं, दहा अण्वस्त्रं वाहणारं, आणि त्याचं बारसं केलं पीसकीपर. शांतिरक्षक! मूळ बेत असा की शंभर क्षेपणास्त्रं वॉरेनजवळ दाटीवाटीने पुरायची. तर्क हा, की शत्रूची पहिली अण्वस्त्रं फुटली की त्यांच्याच स्फोटांनी मागून येणारी निकामी होतील आणि आपली बरीचशी वाचतील. काँग्रेसला, म्हणजे अमेरिकन संसदेला, हे पचलं नाही. शेवटी १९८६ ते १९८८ मध्ये ५० पीसकीपर मिनिटमनच्याच विहिरींत बसवली.

आणि हे वाचून मी खुर्चीतच सरळ झालो. त्याच सुमारास आणखी एक योजना होती, क्षेपणास्त्रं आगगाडीत ठेवायची. एरवी गाड्या तळावरच्या शेडमध्ये उभ्या, ताण वाढला की देशभरच्या रुळांवर पांगायच्या, म्हणजे शत्रूला ठिकाणा लागणार नाही. मुख्य ठाणं वॉरेन. ज्या रुळांची राखण करायला १८६७ मध्ये हा फोर्ट बसवला, तेच रूळ आता फोर्टची राखण करणार होते. सोव्हिएत संघ ढासळत होता, १९९१ मध्ये योजना गुंडाळली. २००५ मध्ये शेवटचं पीसकीपरही काढलं. आता राहिल्यात मिनिटमन-३ च्या १५० विहिरी.

काळा_घोडा

फोर्ट रसेलची एक बाजू राहिली. बफेलो सोल्जर्स, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या पलटणी, इथे बराच काळ होत्या. नववं आणि दहावं घोडदळ, चोविसावी पायदळ. सैनिक काळे, अधिकारी जवळजवळ सगळे गोरे. अपवादांपैकी एक बेंजामिन डेव्हिस, १९१२ मध्ये नवव्या घोडदळाबरोबर फोर्ट रसेलला होता. १९४० मध्ये तो अमेरिकन भूदलातला पहिला कृष्णवर्णीय जनरल झाला. त्याच नावाचा त्याचा मुलगा वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत गेला, तिथे चार वर्षं सहाध्यायी त्याच्याशी कामापलीकडे बोलले नाहीत. पुढे त्याने टस्कीगीच्या कृष्णवर्णीय वैमानिकांचं नेतृत्व केलं आणि १९५४ मध्ये तो हवाई दलातला पहिला कृष्णवर्णीय जनरल झाला. बाप घोड्यावर, लेक विमानात. फोर्टाचा हवाई तळ होण्याची गोष्ट एका घरातही घडली म्हणायची.

उंबरठा

पर्शिंगचा या गावाशी काही संबंध होता ना? पहिल्या महायुद्धातला अमेरिकन सेनापती.

माळरान

जावई! सिनेटर वॉरेनची मुलगी हेलन त्याची बायको. लग्न १९०५ चं. पुढच्याच वर्षी कॅप्टनचा थेट ब्रिगेडियर जनरल झाला, ८६२ अधिकाऱ्यांना ओलांडून. सासरे लष्करी समितीवर, तेव्हा लोक जे बोलायचं ते बोललेच. पण १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या छावणीतल्या घराला आग लागली आणि हेलन व तीन मुली गेल्या. एकटा मुलगा वाचला. त्या चौघींना पुरलं आहे शायॅनलाच.

वाटसरू_७१

लेखातली एक गोष्ट खटकली. "गवताशिवाय काही नव्हतं". नव्हतं कसं? तिथे शायॅन होते, अरापाहो होते, लाकोटा होते, त्यांच्या जिवावरची गव्यांची खिल्लारं होती. ज्या लोकांना हुसकलं त्यांचंच नाव गावाला दिलं. १८६८ च्या फोर्ट लॅरमीच्या तहात ब्लॅक हिल्सचा मुलूख सू लोकांना लिहून दिला. १८७४ मध्ये तिथे सोनं सापडलं आणि दोन वर्षांत शायॅनहून तिथल्या डेडवुड गावाला घोडागाड्यांची रांग लागली. तहाचा कागद राहिला बाजूला.

माळरान

@वाटसरू_७१, मान्य. "गावाच्या नावाने काही नव्हतं" असं म्हणायला हवं होतं. संपादनाची मुदत संपली, त्यामुळे चूक तशीच राहील आणि खाली तुमचा प्रतिसादही.

वसईकर

बालांगिगाच्या घंटा कोणीच कशा काढल्या नाहीत? मी या तळाचं नाव ऐकलं तेच त्यांच्यामुळे.

फिलिपिन्स, समार बेट, गाव बालांगिगा. २८ सप्टेंबर १९०१. अमेरिकेने स्पेनकडून बेटं घेतली होती आणि फिलिपिनो आता अमेरिकेशी लढत होते. सकाळी अमेरिकन तुकडी न्याहारीला बसलेली. चर्चची घंटा वाजली आणि गावकरी कोयते घेऊन तुटून पडले. ४८ सैनिक मेले. सूड म्हणून जनरल जेकब स्मिथने बेट उजाड करायचा हुकूम दिला, दहा वर्षांवरच्या, शस्त्र धरू शकेल अशा प्रत्येकाला मारा, असा. त्याच्यावर कोर्ट मार्शल झालं आणि शिक्षा काय, तर ताकीद. मग सक्तीने निवृत्त केलं. किती गावकरी मेले यावर आजही वाद आहे.

चर्चच्या तिन्ही घंटा सैन्याने उचलल्या. एक नवव्या पायदळाबरोबर फिरत शेवटी दक्षिण कोरियात गेली. दोन अकराव्या पायदळाने १९०४ मध्ये फोर्ट रसेलला आणल्या. फोर्टाचा वॉरेन झाला, वॉरेनचा हवाई तळ झाला, घोडे गेले, क्षेपणास्त्रं आली, घंटा तिथेच. फिलिपिन्स कित्येक वर्षं परत मागत होतं आणि वायोमिंगमधले माजी सैनिक म्हणत होते की हे आमच्या मेलेल्यांचं स्मारक आहे. अखेर १४ नोव्हेंबर २०१८ ला संरक्षणमंत्री जेम्स मॅटिस तळावर आले, फिलिपिन्सच्या राजदूतांसमोर घंटा सुपूर्द केल्या, आणि डिसेंबरात तिन्ही घंटा बालांगिगात पोचल्या.

उंबरठा

@वसईकर, अंगावर काटा आला. तुमचं नाव बघून विचारते, चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हाच्या घंटांचं काय? नाशिकला नारोशंकराची, भीमाशंकरची, मेणवलीची. त्याही चर्चच्याच ना?

वसईकर

@उंबरठा, हो. वसई मोहिमेत पोर्तुगीजांच्या चर्चांतून काढलेल्या. मेणवलीला घाटावर ती बघताना गाईड "विजयाची निशाणी" म्हणाला आणि शेजारी उभी असलेली माझी बायको, आमच्याच वसईची ख्रिस्ती, माझ्याकडे बघून नुसती हसली. घरी येईपर्यंत काय बोलावं ते मला सुचलं नाही.

वाटसरू_७१

दोन्हींत फरक आहे हो. पोर्तुगीज इथे परके होते, बालांगिगात अमेरिकन परके होते.

वसईकर

फरक आहेच. पण घंटेच्या खाली रविवारी उभं राहणारी माणसं दोन्हीकडे गावचीच होती. असो, यावर वेगळा धागा काढा, इथे पेटला तर माळरानांच्या फोर्टाची राख होईल.

खिळेहातोडा

विषयावर येतो. २३ ऑक्टोबर २०१० ला वॉरेनच्या ५० क्षेपणास्त्रांशी नियंत्रण कक्षांचा संपर्क सुमारे पाऊण तास नीट नव्हता. हल्ला नाही, घातपात नाही, एका संगणकातलं सर्किट कार्ड जागेवरून ढिलं झालेलं. तेव्हाच्या एकूण ४५० पैकी ५०, म्हणजे नववा हिस्सा. मी कारखान्यात देखभाल विभागात आहे. आमच्याकडे कन्व्हेयर बंद पडला की पहिल्यांदा हेच बघतो, कार्ड काढून पुन्हा बसवतो.

मिनिटमन-३ बसवायला १९७० मध्ये सुरुवात झाली आणि आयुष्य धरलं होतं दहा वर्षं. त्याच्या जागी सेंटिनेल यायचंय, सुरुवात वॉरेनपासूनच. खर्चाचा अंदाज २०२४ मध्ये १४० अब्ज डॉलरवर गेला.

सखू_परदेशी

शेजारीणबाईंना विचारलं. म्हणाल्या, नवीन खणायला आले तर या खेपेला रस्ता डांबरी करून मागणार.

रानभाजी

वाचनमात्र होते, पण राहवलं नाही. तळावर प्रॉन्गहॉर्नचे कळप मोकाट फिरतात, लाल घरांच्या अंगणातसुद्धा. फोटो पाहून लोक हरीण किंवा काळवीट म्हणतात. दोन्ही नव्हे, स्वतंत्र कूळ आहे. उत्तर अमेरिकेतला सर्वांत वेगवान प्राणी, ताशी ५५ मैलांच्या आसपास. वाटसरूंच्या यादीत हेही घाला, ते सगळ्यांच्या आधीपासून तिथे आहेत.

उंबरठा

आत जाता येतं का? सप्टेंबरात डेन्व्हरला भाचीकडे जाणार आहे.

माळरान

तळावर असं उठून जाता येत नाही, परवानगी लागते. आम्ही फाटकावरूनच परतलो. जुन्या फोर्टाला १९७५ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा आहे, उन्हाळ्यात फोर्ट डी. ए. रसेल डेज भरतात तेव्हा लोकांना आत घेतात, पण ते जुलैत.

त्यापेक्षा शायॅनपासून पंचवीसेक मैल उत्तरेला क्वेबेक-०१ आहे. पीसकीपरचा नियंत्रण कक्ष, २०१९ पासून राज्य सरकारने लोकांसाठी उघडलाय. लिफ्टने खाली नेतात. खाली त्या दोन खुर्च्या आहेत, रुळांवर सरकणाऱ्या, पट्ट्यांसकट. बाबा एकीत बसले, पट्टा लावून बघितला. समोरच्या पॅनेलवरचं सगळं चष्मा पुसून वाचलं. मग वळून विचारलं, "आणि जेवायला वर जायचे की डबा खाली यायचा?"

डबा खालीच यायचा. वर स्वयंपाकघर आहे, तेही दाखवतात. आधी फोन करून वेळ घ्या आणि सप्टेंबर असला तरी जाकीट न्या.

उंबरठा

धन्यवाद! भाचीला कळवते. जाकीट दोन घेते.